लाल पेनासाठी लिहिलेलं इंग्रजी

पत्र असं आहे :

"ताई, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि सगळे विषय इंग्रजीत आहेत. वर्गातलं कळतं, पुस्तकं वाचता येतात, पण लिहायला बसलं की हात चालत नाही. आधी मनात मराठी वाक्य तयार होतं, मग त्याचं इंग्रजी करते, आणि म्हणायचं असतं त्यातलं निम्मं वाटेतच गळून जातं. मागे 'हजेरी सक्तीची असावी का' यावर निबंध होता. माझं मत, नसावी. पण मी सक्ती हवीच असं लिहून दिलं, कारण त्या बाजूची वाक्यं मला येत होती. वही परत आली ती लाल होऊन. पुढचा निबंध एआयकडून सुधारून घेतला, तर मॅडमनी विचारलं, 'हे तूच लिहिलंस?' हो म्हणाले, पण तोंडातल्या तोंडात. मैत्रीण म्हणते, मराठीत विचार करणं बंद कर, इंग्रजी आपोआप येईल. खरंच तसं आहे का? सोबत निबंधाचा पहिला परिच्छेद पाठवतेय. मॅडमनी लाल केलेल्या जागा अधोरेखित केल्या आहेत."

बाळ,

लाल रेघांचं बघू, पण त्याआधी तू ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याकडे येते. तुझं मत एक होतं आणि तू लिहिलंस दुसरं, कारण दुसऱ्या बाजूची वाक्यं तयार होती. तू ते सहज सांगून पुढे गेलीस, दुःख मात्र लाल झालेल्या वहीचं केलंस. मला ते उलटं वाटतं. 'द' राहिला, क्रियापदाचा 'एस' राहिला, तर वाचणाऱ्याला एक ठेच लागते आणि तो पुढे जातो. पण भाषेने तुझं मतच बदलून टाकलं, तर त्या पानावर तू उरलीसच कुठे? बाकी सगळं मी याच एका गोष्टीभोवती बोलणार आहे.

आता तुझा परिच्छेद. पहिली तीन वाक्यं अशी : "इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड एज्युकेशन प्लेज अ व्हायटल रोल. अटेंडन्स इज द बॅकबोन ऑफ अ स्टुडंट्स लाइफ. विदाउट अटेंडन्स अ स्टुडंट कॅनॉट अचीव्ह सक्सेस." यात एकही लाल रेघ नाही. चौथं वाक्य मात्र लालेलाल : "बट सम टीचर्स आर टेकिंग अटेंडन्स अँड गोइंग अँड नॉट टीचिंग, दॅट टाइम वॉट इज यूज ऑफ सिटिंग."

नीट बघ. पहिली तीन वाक्यं बिनचूक आहेत, कारण ती तुझी नाहीत. निबंधांच्या गाइडमधून आली आहेत ती. हजेरीच्या जागी व्यायाम टाक, वाचन टाक, पर्यावरण टाक, एक अक्षरही बदलावं लागणार नाही. चौथ्या वाक्यात तू स्वतः बोलायला लागलीस आणि तिथेच चुका सुरू झाल्या. साहजिकच आहे. पण त्या परिच्छेदात मला वाचावंसं वाटलेलं वाक्य तेच एक. हजेरी घेऊन निघून जाणारे शिक्षक मला दिसले, रिकाम्या तासाला बसून राहिलेली तू दिसलीस. आणि गंमत म्हणजे सक्ती हवी म्हणणाऱ्या निबंधात हे वाक्य सक्तीच्या विरोधात उभं आहे. तुझं खरं मत तिथून बाहेर डोकावलं, आणि नेमकं तिथेच लाल पेन पडलं.

यातून तू काय शिकली असशील याचा मी अंदाज करू शकते. पाठ केलेलं लिहिलं की लाल येत नाही, मनातलं लिहिलं की येतं. कोणीही शहाणी मुलगी मग पाठ केलेलंच लिहील. आपल्याकडे हे इंग्रजीच्या तासाला सुरू होत नाही, त्याच्या बरंच आधी होतं. 'पाऊस पडला नाही तर', 'माझी आई', 'मी पक्षी झाले तर' हे निबंध आपण मराठीतही पाठच केले. शाळेत स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय फारशी कोणी लावत नाही. मग पुढे ती नसल्याचं खापर एकट्या इंग्रजीवर फुटतं. तुझी अडचण इंग्रजीची आहेच. पण त्यातली बरीच लिहिण्याची आहे, आणि ती कुठल्याही भाषेत आली असती.

तरीही तुला लिहिता येतं, याचा पुरावा म्हणजे तुझं हे पत्र. 'तोंडातल्या तोंडात हो म्हणाले' हे लिहिताना तू कोणाच्या निबंधात बघितलं नाहीस. कोणाला लिहायचं आणि त्या माणसाकडून काय हवं हे तुला ठाऊक होतं, म्हणून वाक्यं आपसूक आली. निबंध लिहिताना समोर माणूस नव्हता, लाल पेन होतं. पेनासाठी लिहिलं की जपून लिहिलं जातं, आणि जपून लिहिलेल्यात सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

आता ते चौथं वाक्य दुरुस्त करू. 'चांगलं' नाही करायचं, फक्त दुरुस्त : "सम टीचर्स टेक अटेंडन्स अँड लीव्ह. दे डोन्ट टीच. वॉट इज द यूज ऑफ सिटिंग देअर?" बघ, किती थोडं बदललं. 'आर टेकिंग'चं 'टेक' झालं. 'यूज'च्या आधी 'द' आला. 'दॅट टाइम' गेलं, कारण मराठीतल्या 'तेव्हा'चं ते ओझं इंग्रजी वाक्याला पेलायचं नव्हतं. आणि एका वाक्याची तीन झाली. एवढंच. भारदस्त शब्द एकही घातला नाही आणि तुझा राग होता तसाच राहिला. उलट आता तो जरा जास्त ऐकू येतो.

'दॅट टाइम'चं कारण सांगून झालं. बाकीच्या तीन बदलांमागेही कारणं आहेत, आणि ती कळली तर पुढच्या शंभर वाक्यांना उपयोगी पडतील.

पहिलं, 'आर टेकिंग'. आपण 'शिक्षक हजेरी घेत असतात' म्हणतो, त्यातला 'घेत असतात' हा तुकडा इंग्रजीत 'आर टेकिंग' होऊन उतरतो. इंग्रजीत मात्र ते रूप या क्षणी किंवा सध्या चाललेल्या गोष्टीसाठी आहे. नेहमी घडणाऱ्या गोष्टीला साधं 'टेक' पुरतं. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अ‍ॅम नोइंग हिम' ही वाक्यं याच कुळातली. असणं, माहीत असणं, आवडणं, समजणं या गोष्टी इंग्रजीत सहसा 'आयएनजी' लावून घेत नाहीत. तुझ्या वहीत 'आयएनजी' शोध आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचार : हे आत्ता चाललंय की नेहमीचं आहे? नेहमीचं असेल तर बहुतेक वेळा काढून टाकायचं.

दुसरं, 'द'. मराठीत या जागी काहीच नसतं, त्यामुळे तो कुठे राहिला हे आपल्या कानाला कळत नाही. सगळे नियम पाठ करायला जाऊ नकोस, अर्ध्यावर कंटाळशील. एकच धर : मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं फिरत नाही. 'स्टुडंट', 'बुक', 'रीझन' असं एकटं आलं की त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' यांपैकी काहीतरी हवंच. अपवाद आहेत, ते नंतर भेटतील. आता मोजता येणारं कोणतं आणि न येणारं कोणतं? आपल्याला सल्ले मोजता येतात, पण इंग्रजीत 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'रिसर्च', 'फर्निचर' यांना अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. हे तर्काने कळत नाही, शब्दकोशात बघावं लागतं.

आणि शब्दकोश म्हणजे इंग्रजी-मराठी नव्हे. तो वाचताना ठीक आहे, लिहिताना तो तुला अर्थ देतो आणि शब्द वापरायचा कसा ते सांगत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी वेगळे शब्दकोश असतात. ए. एस. हॉर्नबी नावाचे शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. आपले विद्यार्थी कुठे अडखळतात हे बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला. तो १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डकडून निघू लागला. त्याच्या आजच्या आवृत्त्या आणि त्या धर्तीचे इतर कोश फुकट बघता येतात. नाम मोजता येतं की नाही, क्रियापदाच्या पुढे काय लागतं, हे तिथे प्रत्येक शब्दापाशी दिलेलं असतं आणि खाली उदाहरणाची वाक्यं असतात. 'डिस्कस' बघ. त्याच्या पुढे 'अबाउट' येत नाही हे उदाहरणांवरूनच दिसेल. आपण 'विषयी चर्चा' करतो म्हणून आपल्याला तो 'अबाउट' हवासा वाटतो. अर्थाखालची ती वाक्यं वाचायची सवय लागली, की व्याकरणाच्या पुस्तकाची निम्मी गरज संपते, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : वाक्य तोडणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपल्याकडे 'ऊन' आहे. 'वर्गात येऊन, हजेरी घेऊन, फळ्यावर दोन ओळी लिहून सर निघून गेले.' चार क्रिया एका दमात झाल्या आणि कुठे अडखळायला झालं नाही. इंग्रजीत कर्त्याला लगेच क्रियापद लागतं. हीच माळ तिकडे नेली की 'आफ्टर कमिंग, आफ्टर टेकिंग' असं सुरू होतं आणि मुख्य क्रियापद येईपर्यंत वाचणारा थकतो. म्हणून सध्या एक मुख्य क्रिया आणि मग टिंब. वाक्यं लहान, बालिश वाटतील. वाटू देत. जोडायला पुढे शिकशील, आणि जोडायला आधी सुटी वाक्यं हातात हवीत. स्वल्पविरामाने वाक्यं जोडत जाण्याची आपली सवयही इथे मोडावी लागते. (मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, आणि ते इंग्रज होते. चिन्हं आपण घेतली. टिंब देण्यात मात्र आपण अजून कंजूषपणा करतो.)

भारदस्त शब्दांचं थोडक्यात सांगते, कारण तुझ्या परिच्छेदात पुढे 'कमेन्स' आणि 'युटिलाइझ' आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर कितीतरी पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच होती. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला घरचा एक आणि दरबारी एक असे शब्द झाले. 'बिगिन' घरचा, 'कमेन्स' दरबारी. 'हेल्प' घरचा, 'असिस्ट' दरबारी. आपल्याकडे पाणी आणि जल आहेत तसंच. 'मला जल दे' असं तू मैत्रिणीला म्हणणार नाहीस. इंग्रजीत तू नेमकं तेच करते आहेस, कारण तिथे घरचा शब्द कुठला हे अजून कानाला कळत नाही. शंका असेल तेव्हा लहान शब्द घे.

आता मैत्रिणीचा सल्ला. मराठीत विचार करणं बंद कर म्हणे. ते कसं बंद करायचं हे तिने सांगितलंय का? विचार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत चालू दे. शिवाय तुझ्या सगळ्या चुकांची आई मराठी नाही. 'शी गो' लिहिलंस तिथेही लाल आहे, पण मराठीत 'तू जातेस' आणि 'ती जाते' यांत तू फरक करतेसच. तो 'एस' जगभरच्या भाषांतून इंग्रजीकडे आलेल्या लोकांचा राहतो. लॅरी सेलिंकर या भाषा-अभ्यासकाने १९७२ मध्ये याचाच विचार मांडला. शिकणाऱ्याची इंग्रजी म्हणजे मोडकी इंग्रजी नव्हे, तशीच ती मातृभाषेची नक्कलही नव्हे. ती मधल्या टप्प्यावरची, स्वतःचे नियम असलेली एक भाषा असते. तू आज त्या टप्प्यावर आहेस.

मैत्रिणीच्या सल्ल्यात एक खरं बीज आहे, तेवढं घेऊ. मराठीत विचार कर, पण मराठीत वाक्य पुरं करू नकोस. एकदा मराठी वाक्य पूर्ण झालं की त्याचा बांधा घट्ट होतो, आणि मग इंग्रजीत त्याचं भाषांतर करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून कागदावर नुसते शब्द टाक. 'हजेरी घेऊन जातात – रिकामा तास – लायब्ररीत जास्त शिकले – पण नोकरी करणारी मुलं? – त्यांचं काय?' मराठी, इंग्रजी, मिसळ, कसेही. मग कागद उलटा ठेव आणि समोर कोणी बसलंय असं समजून तेच इंग्रजीत सांग. तोंडाने, आवाज काढून. अडलं तर सोपं करून सांग. बोलून झालं की लिही. भाषांतरात मूळ वाक्य तुझ्या मानगुटीवर बसतं. नव्याने सांगताना ते बसत नाही, कारण मूळ वाक्य झालेलंच नसतं. 'निम्मं वाटेत गळतं' ती तुझी वाट यामुळे बरीच आखूड होईल.

काही मुद्दे इंग्रजीत येणारच नाहीत. तिथे कंसात मराठीत लिही आणि पुढे जा. कच्च्या कागदावर काहीही चालतं. फक्त येत नाही म्हणून मुद्दा सोडायचा नाही आणि त्याच्या जागी तयार वाक्य बसवायचं नाही. हा एक नियम मी तुला कडक घालून देते.

मुद्दे कुठल्या क्रमाने मांडायचे, हा वेगळा प्रश्न आहे. रॉबर्ट कॅप्लान या भाषा-अभ्यासकांनी १९६६ मध्ये वेगवेगळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून एक गाजलेला लेख लिहिला. इंग्रजी परिच्छेद सरळ रेघेत चालतो आणि इतर भाषांचे लोक वळणं घेत येतात, अशी चित्रंच त्यांनी काढली होती. अख्ख्या संस्कृतीला एका रेघोटीत बसवल्याबद्दल त्यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती मला पटते. पण तुझ्या मॅडमना काय हवंय हे त्यातून कळतं : परिच्छेदाच्या तोंडाशीच तुझं म्हणणं हवं. 'आजच्या आधुनिक जगात' म्हणत दारात रेंगाळायचं नाही. "आय थिंक अटेंडन्स शुड नॉट बी कंपल्सरी" इथूनच सुरू कर. आपल्याला ते उद्धट वाटतं, प्रस्तावनेशिवाय मत मांडायची आपल्याला सवय नसते. तिथे त्याला स्पष्टपणा म्हणतात.

आता लाल शाई. चुका दुरुस्त करून वही परत देण्याचा उपयोग होतो का, यावर अभ्यासक अजून भांडतात. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लिहिलं की परक्या भाषेतल्या लेखनात व्याकरण सुधारत बसणं निरुपयोगी आहे, वर त्याने नुकसानही होतं, म्हणून ते थांबवावं. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी उत्तर दिलं की असा निकाल लावणं घाईचं आहे आणि दुरुस्ती कशी केली यावर बरंच अवलंबून असतं. मी फेरिसबाईंच्या बाजूची. सगळ्या पानावर सांडलेल्या लालमधून कोणीच काही शिकत नाही, निवडक लालमधून शिकता येतं. म्हणून निवड तू कर. वहीतल्या चुका दोन रंगांत वेगळ्या कर. एका रंगात स्वतः पुन्हा वाचताना तुला सापडल्या असत्या त्या, दुसऱ्यात दाखवूनही का चूक ते कळलं नाही त्या. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये हाच फरक सांगितला होता : एक घाईतली चूक आणि एक अजून न शिकलेल्या नियमाची. घाईतल्या चुकांना शिकवणी नको, मोठ्याने एकदा वाचलं की त्यातल्या पुष्कळ पकडल्या जातात. दुसऱ्या रंगातलं एका वेळी एकच उचल. हा महिना 'आयएनजी'चा, बाकीच्यांकडे दुर्लक्ष. होय, दुर्लक्ष. सगळं एकदम सांभाळायला गेलीस की पुन्हा 'व्हायटल रोल'पाशी येऊन पडशील.

सरावाची एक जुनी पद्धत सांगते. अमेरिकेचे पुढे गाजलेले मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी छापखान्यात उमेदवारी करत होते. एका मित्राशी त्यांचा पत्रांतून वाद चालू होता. ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. वडील म्हणाले, तुझं स्पेलिंग आणि विरामचिन्हं मित्रापेक्षा चांगली आहेत, पण मांडणीत, स्पष्टतेत आणि भाषेच्या डौलात तू बराच मागे आहेस. इंग्रजी ज्याची मातृभाषा, त्याची ही गत. बिनचूक लिहिणं आणि चांगलं लिहिणं या दोन गोष्टी आहेत, त्या एकमेकींबरोबर येतीलच असं नाही. मग फ्रँकलिन यांनी 'स्पेक्टेटर' या इंग्लंडच्या नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळवला. त्यातला लेख वाचायचा, प्रत्येक वाक्यातल्या कल्पनेची जेमतेम आठवण राहील एवढी टिपणं काढायची, काही दिवस ते बाजूला ठेवायचं, मग टिपणांवरून लेख आपल्या शब्दांत पुन्हा उभा करायचा आणि मूळाशी ताडून बघायचं. कधी ते टिपणं मुद्दाम विस्कटून टाकत आणि काही आठवड्यांनी पुन्हा क्रम लावत, म्हणजे मांडणीही शिकता येई.

तू 'स्पेक्टेटर' घेऊ नकोस, अठराव्या शतकाचं इंग्रजी आहे ते. तुला समजतं आणि आवडतं असं आजचं काहीही घे. एक परिच्छेद बास. टिपणं मराठीत काढ, म्हणजे मूळ शब्द डोळ्यांसमोर राहत नाहीत. दोन दिवसांनी त्यावरून इंग्रजी लिही आणि शेजारी मूळ ठेव. इथे लाल पेन कोणाच्याच हातात नाही. लेखकाने 'द' कुठे घातला, वाक्य कुठे तोडलं, तू तिथे काय केलंस, हे तूच बघणार आहेस. कधीकधी तुझं वाक्य मूळापेक्षा सरस निघेल. फ्रँकलिन यांनाही क्षुल्लक ठिकाणी का होईना तसं वाटलं होतं, आणि त्या आनंदावर त्यांचा सराव चालू राहिला. तुझाही राहील.

एआयबद्दल. वापरू नकोस असं म्हणणार नाही, म्हटलं तरी तू वापरणार आहेस. पण तू काय केलंस ते बघ. गाइडने जे केलं तेच एआयने जरा सफाईने केलं : तुझ्या मताच्या जागी तयार वाक्यं आणून ठेवली. फरक इतकाच की गाइडची वाक्यं तुला निदान पाठ तरी करावी लागली होती. 'सुधारून दे' असं सांगितलंस की ते तुझं चौथं वाक्य गुळगुळीत करेल आणि त्यातला राग निघून जाईल. त्याऐवजी आधी स्वतः पूर्ण लिही. मग त्याला सांग, चूक कुठे आहे तेवढं दाखव, दुरुस्त करू नकोस, आणि नियम काय ते सांग. दुरुस्ती तू कर. त्याने सांगितलेला नियम कोशात ताडून बघ, तेही आत्मविश्वासाने चुकतं. आणि निबंध गुणांसाठी असेल तर वापराबद्दल तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे ते आधी विचार. नको म्हणत असतील तर नको.

मॅडमनी विचारलं तेव्हा तुला ओशाळं वाटलं, कारण प्रश्न योग्य होता. त्यांच्याकडे जा. त्या निबंधात किती मदत घेतली होती ते स्वतःहून सांग. लाजेने दोन दिवस टाळलंस तर दोन महिने टाळशील. जाताना हात हलवत जाऊ नकोस. हजेरीचा निबंध तुझ्या खऱ्या मताने पुन्हा लिही. पानभर पुरे, सगळी वाक्यं आखूड असली तरी चालेल. मराठी-इंग्रजी मिसळीचा तो कच्चा कागदही बरोबर ने, म्हणजे हे तूच लिहिलंस का हा प्रश्न त्यांना पडणार नाही. गुण वाढवून मागायचे नाहीत. आणि 'माझ्या चुका सांगा' असंही म्हणू नकोस, त्या लगेच पेन काढतील. विचार, "मॅडम, माझं म्हणणं कुठे कळलं नाही?" त्या जिथे बोट ठेवतील, तेवढी वाक्यं घरी येऊन पुन्हा लिही.